कोशनोंदीतील तटस्थता : गांधर्व महाविद्यालय आणि डहाणू-तलासरीचा तारपा

कोशनोंद हा मराठी वैचारिक गद्याचा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागेल. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशापासून, १९७६ साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला त्या मराठी विश्वकोशापर्यंत, या प्रकाराने मराठीला आटोपशीर आणि भावनिरपेक्ष विवेचनाची भाषा दिली. या भाषेची खरी कसोटी लागते ती सर्वमान्य, प्रतिष्ठित संस्थेविषयी लिहिताना. वादग्रस्त विषयावर लिहिताना लेखक सावध असतो. आदरणीय विषयावर लिहिताना त्याची सावधगिरी नकळत सुटते.

गांधर्व महाविद्यालयाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘संगीताला प्रतिष्ठा मिळवून देणारी थोर संस्था’ असे वाक्य वाचकाच्या आदरात भर घालते, ज्ञानात घालत नाही. त्या जागी येऊ शकणारी माहिती अशी : विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) हे मूळचे कुरुंदवाडचे, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी गायनाची तालीम घेतली, ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि १९०८ मध्ये मुंबईत शाखा काढली. त्यांच्या निधनानंतर, १९३१ मध्येच, शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची श्रेणी या मंडळाच्या नावाशी निगडित आहे. पुण्याचे गांधर्व महाविद्यालय विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये सुरू केले, तर दिल्लीचे १९३९ मधले. एकच नाव धारण करणाऱ्या या संस्थांची गल्लत होऊ न देणे हे नोंदकाराचे पहिले कर्तव्य होय. हा तपशील नीट दिला, की संस्थेचे मोठेपण वेगळे सांगावे लागत नाही.

दुसरा प्रश्न अग्रमानाचा. ‘देशातील पहिले संगीत विद्यालय’ हे विधान गौरवपर लेखनात सहज येते. परंतु बडोदे येथे सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली १८८६ मध्येच संगीतशाळा सुरू झाली होती. म्हणून ‘पहिले’ या शब्दाला मर्यादा घालावी लागते. पलुसकरांची संस्था एखाद्या संस्थानिकाच्या पदरी नव्हती. ती लोकांच्या वर्गणीवर, देणग्यांवर आणि जाहीर जलशांच्या उत्पन्नावर उभी राहिली, हा तिचा विशेष. विधान असे संकुचित केल्याने संस्था लहान होत नाही, तिचे वेगळेपण नेमके कळते. मुंबईची इमारत पुढे कर्जापायी हातची गेली, ही वस्तुस्थितीही याच कारणासाठी नोंदीत यावयास हवी. लोकाश्रय म्हणजे काय आणि त्याची किंमत काय, हे त्या एका घटनेतून उमगते.

तिसरा प्रश्न मूल्यमापनाचा. जानकी बखले यांनी २००५ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात पलुसकर आणि भातखंडे यांच्या कार्याची राष्ट्रवाद व धर्म यांच्या संदर्भात कठोर चिकित्सा केली. शिष्यपरंपरेने लिहिलेली चरित्रे वेगळे चित्र रेखाटतात. कोशाने यांपैकी एक बाजू आपली म्हणून मांडू नये. ज्याचे मत त्याच्या नावावर ठेवावे.

येथवरची तटस्थता ही विशेषणांची आणि विधानांची तटस्थता झाली. तिच्या खाली आणखी एक थर असतो, तो डहाणू-तलासरीकडे पाहिल्यावर दिसू लागतो. संस्थापक, स्थापनावर्ष, इमारत, परीक्षा हा नोंदीचा साचा ज्या विद्येला लागू पडत नाही, तिची नोंद ‘संस्था’ म्हणून होत नाही. ती ‘वाद्य’, ‘नृत्य’ किंवा ‘लोकजीवन’ या सदरात जाते. वारली समाजाचा तारपा याचे ठळक उदाहरण आहे. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांतून हे वाद्य घडते. वादकाला श्वासाची धार न तोडता ते वाजवावे लागते. त्याने चाल बदलली की त्याच्याभोवती साखळी धरून फिरणाऱ्या नाचणाऱ्यांची पावले बदलतात. एवढे कौशल्य दीर्घ शिक्षणावाचून येत नाही. मग हे शिक्षण कोण देतो, किती काळ चालते, ‘आता याला येते’ हे कोण ठरवतो?

अशा नोंदींचे व्याकरण तपासले तर भेद स्पष्ट होतो. महाविद्यालयाच्या नोंदीत क्रियापदे भूतकाळी असतात आणि कर्ता नामनिर्दिष्ट असतो : ‘पलुसकरांनी स्थापन केले.’ तारप्याच्या नोंदीत रीतिवर्तमान आणि सामूहिक कर्ता येतो : ‘वारली लोक नाचतात.’ पहिल्या वाक्याला इतिहास आहे. दुसऱ्याला काळच नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, विशेषण एकातही नाही. तरीही त्यांच्यामधली वागणूक समान नाही.

चित्रकलेच्या बाबतीत हा भेद काही अंशी मोडला. तलासरी तालुक्यातील धामणगावी जन्मलेले आणि डहाणू तालुक्यातील गंजाडच्या कलंबीपाड्यावर वाढलेले जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्राला त्यामुळे नाव आणि साल लाभले. परंतु तारपा नाचाच्या ज्या परिचित वर्तुळाने ही चित्रे जगभर ओळखली जातात, त्याच्या मध्यभागी उभा असलेला वादक कोशात बहुधा अनामच राहिला.

यावर उपाय म्हणून तारप्याला ‘आदिवासींचे संगीत महाविद्यालय’ म्हणणे ही उलट दिशेची चूक ठरेल. तेही गौरवपर विशेषणच. शिवाय ते उसने. अपेक्षित आहे ती प्रश्नांची समानता. महाविद्यालयाला विचारावे की तालमीत जे मुरते ते परीक्षेच्या चौकटीत किती मावले. पाड्याला विचारावे की वाद्य कोणी घडवले, कोणाकडून उचलले, वादकाचा मान कसा ठरला. उत्तर देणाऱ्यांची संमती असेल तेथे त्यांची नावे आणि काळ नोंदीत द्यावेत. ही माहिती मिळवण्यास कोशकार एकटा पुरेसा नाही. तालुक्यातील महाविद्यालयांत मराठी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांच्या ती हाकेच्या अंतरावर आहे. वयोवृद्ध वादक हयात असेतोवरच ती घेता येईल; नंतर उरेल ते केवळ ‘वारली लोक नाचतात’ हे वाक्य.