आभाळातलं लोडशेडिंग

संध्याकाळचे सात वाजलेत. लाइट गेली. इन्व्हर्टरवर चालेल तेवढीच घरात वीज. आजोबांना बातम्या बघायच्यात, ताईला वायफाय हवंय, तुम्हाला पंखा हवाय, आणि कुणीतरी हळूच मिक्सर लावायला निघालंय. तेवढ्यात आई ओरडते, "अरे, आधी काहीतरी बंद करा!"

आता हेच सगळं जमिनीपासून दोन किलोमीटर उंचीवर घडलं तर?

म्हणजे विमानात. मोठ्या नाही, घरी बनवलेल्या छोट्या विमानात. घरी कुणी विमान बनवतं का? बनवतं की! कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपमध्ये, चक्क इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. यादव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. गच्चीवरचं ते विमान सुटं करून क्रेननं खाली उतरवलं आणि २०१६ साली मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात मांडलं. २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडालंसुद्धा.

तर असं एखादं छोटं विमान तुम्ही बनवलंय असं समजू. त्यात वीज कुठून येणार? आभाळात महावितरणचा खांब नाही. इंजिन फिरतं, त्याच्याबरोबर अल्टरनेटर फिरतो आणि वीज बनते. मोटारीत असतो तसाच. सोबतीला एक बॅटरी. तिचं सगळ्यात दणकट काम अगदी सुरुवातीला असतं. इंजिन सुरू करायला स्टार्टर दोन-चार सेकंदांत शे-दीडशे अँपिअर ओढतो. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून बनवलेली छोटी जीप आठवते? ती बुलेटसारखी किक मारून सुरू होते. तिथं स्टार्टरचं काम पाय करतो. विमानाला किक मारायची सोय नाही, म्हणून बॅटरी!

चला, आता हिशेब करू. उतरताना लागणारा जुन्या पद्धतीचा दिवा १०० वॅटचा. १२ व्होल्टवर तो साधारण ८ अँपिअर खातो. विमानाचा वेग मोजणारी एक बारीक नळी बाहेर असते. थंड ढगात तिच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून ती गरम ठेवतात. तिचे आणखी ८. रेडिओ नुसता ऐकला तर अर्धा अँपिअर, पण बोलायचं बटण दाबलं की ५. इंधनाचा पंप ४, समोरचा माहिती दाखवणारा पडदा ३, आणि 'मी इथं आहे' असं रडारला सांगणारा ट्रान्सपाँडर २. बेरीज? सगळं एकदम चालू असेल तर ३० अँपिअर. हे आकडे दर विमानात थोडे वेगळे असतात, पण अंदाज येतो. अल्टरनेटर ठीक असेल तर तो हे सहज पेलतो.

आता गंमत. कराडच्या धावपट्टीवरून निघालात, धुळ्याला जायचंय. अंतर ४०० किलोमीटर, वेग ताशी २०० किलोमीटर, म्हणजे दोन तास. अर्धा तास झाला, जेजुरीच्या आसपास पोचलात आणि अल्टरनेटरचा पट्टा तुटला! उरली फक्त बॅटरी, १७ अँपिअर-तासांची, म्हणजे १७ अँपिअर तासभर पुरवणारी. १७ भागिले ३०... म्हणजे ३४ मिनिटं. धुळं अजून दीड तास लांब!

मग इंजिन बंद पडेल? घाबरू नका. छोट्या विमानांच्या बऱ्याच इंजिनांत मॅग्नेटो असतो. तो चुंबक फिरवून स्वतःची ठिणगी स्वतःच तयार करतो, त्याला बॅटरी लागतच नाही. पण रेडिओ आणि पडदा मात्र गप्प होतील.

म्हणून वैमानिक काय करतो? लोडशेडिंग! दिवा बंद. बाहेर लख्ख ऊन आहे, मग नळीचा हीटर बंद. पंपाची आत्ता गरज नाही, बंद. रेडिओ ऐकायचा, बोलायचं मोजकंच. राहिले फक्त ५-६ अँपिअर. आता तीच बॅटरी कागदावर तीन तास पुरते. जुनी बॅटरी कागदाचं ऐकत नाही, म्हणून त्यातला निम्माच वेळ खरा धरायचा. आणि शहाणा वैमानिक तरीही धुळ्याला जात नाहीच. तो बारामतीकडे वळतो. तिथली धावपट्टी जेमतेम पंधरा मिनिटांवर.

पण गडबडीत कोणती बटणं दाबायची हे आठवणार कसं? म्हणून विमान बनवतानाच तारांच्या दोन वाटण्या करतात. प्रत्येक वाटणीला तांब्याची एक पट्टी असते, तिला 'बस' म्हणतात. (आपली लाल एसटी नव्हे हं!) निकडीच्या वस्तू एका बसवर, बाकीच्या दुसऱ्या बसवर. संकट आलं की दुसरी बस एका खटक्यात बंद. कुणाला आधी उपाशी ठेवायचं, हे जमिनीवर, डोकं थंड असताना ठरलेलं असतं.

असाच हिशेब यादवांच्या पाटण तालुक्यातलं कोयना धरणही करतं. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली. आज प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅटच्या घरात आहे. पण पश्चिमेकडं वळवून वीज बनवायला वर्षाला ६७.५ टीएमसीच (अब्ज घनफूट) पाणी मिळतं. ते दिवसभर उधळलं तर संपेल! म्हणून संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात, मागणी उसळते, तेव्हा कोयनेची चाकं जोरात फिरवतात. धरणामागचा शिवसागर जलाशय म्हणजे जणू महाराष्ट्राची भली मोठी बॅटरीच.

करून पाहा : घरातल्या दहा वस्तूंवर लिहिलेले वॅट वहीत उतरवा. मोठ्यांना सोबत घ्या, प्लगला हात लावू नका. मग दोन 'बस' पाडा. लाइट गेल्यावर काय चालू राहील, काय बंद होईल, ते घरात सगळ्यांनी मिळून आजच ठरवा. पुढच्या वेळी आईला ओरडावं लागणार नाही. मिक्सर कोणत्या बसमध्ये बसला, ते मात्र आम्हाला नक्की कळवा!