रेंज नसली तरी नोंद चुकता कामा नये



अनेक कारखान्यांत आता ऊसनोंद मोबाईलवर होऊ लागली आहे. बांधावर उभे राहूनच गट नंबर, लागणीची तारीख, उसाची जात आणि क्षेत्र टिपायचे. काम चोख होते. पण डोंगरकडेच्या वाडीत, ओढ्यापलीकडच्या रानात रेंज नाही, तिथे काय? हा प्रश्न किरकोळ समजू नये. तोडीची पाळी नोंदीवरच ठरते. नोंद हुकली की पाळी हुकते, आणि ऊस रानात उभा वाळतो.

वारणेचा अनुभव या बाबतीत ध्यानात ठेवावा. १९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला आणि गावोगावी संगणक केंद्रे आली. पुढे ७ गावांत ८ महिने तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले. संगणकावरची सगळी कामे त्यावर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ते जास्त पसंत पडले. बोध एवढाच की, गावात जे चालते तेच घ्यावे. भारी दिसते म्हणून घेऊ नये.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नोंद आधी फोनमध्येच पक्की झाली पाहिजे. रेंजमध्ये आल्यावर ती आपोआप कारखान्यात जावी. क्षेत्राची मोजणी उपग्रहावरून होते, तिला इंटरनेट लागत नाही.

दुसरी, नोंदीला तारीख बांधावरची लागावी, कारखान्यात पोहोचल्याची नव्हे. नाहीतर रस्त्याकडेची गावे पुढे आणि आतल्या वस्त्या मागे, असा अन्याय होईल.

तिसरी, प्रत्येक नोंदीला फोनमध्येच स्वतंत्र क्रमांक पडावा, म्हणजे ती दोनदा गेली तरी एकदाच धरली जाईल. एकाच गटाच्या दोन वेगळ्या नोंदी आल्या, तर यंत्राने परस्पर एक पुसू नये. दोन्ही गट ऑफिसपुढे ठेवाव्यात.

चौथी, वजनकाट्याचा संगणक कारखान्यातल्या कारखान्यात चालावा. इंटरनेट गेले म्हणून गाड्या काट्यावर तिष्ठता कामा नयेत. तोडलेला ऊस जितका थांबेल, तितके वजन आणि उतारा घटतो, नुकसान सभासदाचेच. वजनपावती जागेवर छापून मिळावी, एसएमएस साध्या फोनवरही यावा. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्याचा हिशेब या वजनावरूनच सुरू होतो.

विकणारा गृहस्थ ऑफिसात पंख्याखाली बसून सगळे छान दाखवतो. त्याला रेंज नसलेल्या वस्तीवर न्यावे. तिथे दहा प्लॉट नोंदवावेत, फोन बंद करून पुन्हा चालू करावा, मग गावात येऊन पाहावे. दहाच्या दहा नोंदी, एकेकदाच, बरोबर तारखेने दिसल्या तर पुढचे बोलणे. करार करताना आणखी एक लिहून घ्यावे: सगळी माहिती कारखान्याच्या मालकीची, आणि मागू तेव्हा पूर्ण मिळेल.

सभासदांनीही नोंद होताच पावती मागून घ्यावी आणि गट नंबर, तारीख, क्षेत्र तपासावे. चूक दिसली तर आठ दिवसांत गट ऑफिसला सांगावे. हंगाम सुरू झाल्यावर भांडण्यापेक्षा बांधावरच पाहिलेले बरे.

— ऊस विकास अधिकारी