कॉनला जायचंय? मग पाना घरी ठेवा!

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार, सकाळचे साडेदहा. मुंबईतल्या एका अवाढव्य हॉलच्या दारात मी उभी. अंगात फर्स्ट इयरचा वर्कशॉपचा बॉयलर सूट, डोक्याला रुमाल आणि हातात मामाच्या गॅरेजमधून आणलेला फूटभर लांबीचा पाना. सिक्युरिटीच्या ताईंनी तो हातात घेऊन वजन बघितलं.

"हा खरा आहे ना गं?"

"हो ताई. कॉस्च्यूमचा आहे. विन्री मेकॅनिक असते ना, तिचा."

"असू दे. लोखंड आत नाही जाणार."

झालं! पान्याशिवाय विन्री म्हणजे गदेशिवाय मारुती. पाना बाहेर जमा झाला, मला टोकन मिळालं आणि मी दिवसभर हात हलवत फिरले. चूक अर्थातच माझी. नियम आधीच दिलेले होते, पण जे लोक प्रॅक्टिकलचं मॅन्युअल वाचत नाहीत ते तिकिटावरचे नियम काय वाचणार!

परत आल्यापासून मेसमध्ये मला तेच तीन प्रश्न येतायत. हे नक्की असतं काय? सगळं फोनवर दिसतं तर एवढ्या लांब जायचं कशाला? आणि तिसरा, जो मुली हळू आवाजात विचारतात : तिथे नीट असतं ना गं? एकदाच लिहून टाकते, म्हणजे वरण गार होणार नाही.

'कॉन' म्हणजे कन्व्हेन्शन. एका आवडीचे लोक दोन-तीन दिवस हॉल घेऊन जमतात. आमची आवड अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन. नाक मुरडू नका. आपल्या कितीतरी सर-मॅडमचं लहानपण १९९३ मध्ये दूरदर्शनवर आलेल्या मोगलीवर गेलंय, आणि तो जंगल बुक जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये बनवलेला आहे. तेव्हा अ‍ॅनिमे तुम्हीही पाहिलंय, फक्त नाव माहीत नव्हतं. कॉनमध्ये एका बाजूला दुकानं असतात, एका बाजूला स्वतः काढलेली चित्रं विकणाऱ्या चित्रकारांची टेबलं, कुठे चर्चा, कुठे प्रश्नमंजुषा आणि सगळीकडे कॉस्प्ले.

कॉस्प्ले म्हणजे फॅन्सी ड्रेस का? नाही. शाळेत सिस्टर मला दरवर्षी फॅन्सी ड्रेसला परी करायच्या, कारण पंख शाळेकडे तयार होते. मला परी व्हायचंय का, हे कोणी विचारलं नाही. कॉस्प्लेमध्ये पात्र तुम्ही निवडता, आणि बहुतेक लोक पोशाखही स्वतः करतात. हा शब्द नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये जपानच्या 'माय अ‍ॅनिमे' मासिकात वापरला. कॉस्च्यूम आणि प्ले या दोन शब्दांची ती जपानी जोडणी. प्रकार मात्र त्याहून जुना. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यातल्या माणसांचे कपडे घालून गेले. कपडे शिवले मर्टलबाईंनी आणि पुढची कित्येक वर्षं नाव झालं अ‍ॅकरमनचं. असो, हे आपल्याला नवीन नाही.

आता विन्री. हिरोमु आराकावा या लेखिका-चित्रकर्तीची 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही मालिका २००१ ते २०१० या काळात जपानी मासिकात येत होती. तिचा नायक एडवर्ड एल्रिक, उजवा हात आणि डावा पाय पोलादाचे. ते बनवते आणि दुरुस्त करते विन्री. एडवर्डने हात मोडून आणला की ती त्याच्या डोक्यात पाना हाणते. मेकॅनिकलच्या मुलीला आणखी काय हवं? विन्री मी, एडवर्ड माझी रूममेट. माझं काम सोपं होतं, बॉयलर सूट तयारच होता. खरी मजा हातात होती.

हात ईव्हीए फोमचा केला. चपलांच्या तळव्यात असतो तोच, पाच मिलिमीटर जाडीचा. आधी कागदावर नमुना. जपानमध्ये पेपाकुरा नावाचं सॉफ्टवेअर आहे, ते त्रिमितीतल्या आकाराची सपाट उलगड काढून देतं. पण आम्ही ते वापरलं नाही. मनगटाकडून कोपराकडे रुंद होत जाणारा हात म्हणजे वरून कापलेला शंकू! म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंगमधलं डेव्हलपमेंट ऑफ सर्फेसेस. ज्या शीटसाठी मी रडले होते, ती शीट ट्रंकेतून शोधून काढली आणि शांतपणे पुन्हा केली. यावेळी बरोबर आली. सरांनी वाचलं तर कृपया जुने मार्क वाढवू नयेत, भावना पोहोचल्या.

फोम कापताना पातं नवं घ्या. बोथट पात्याने कडा फाटते आणि जोड दिसतो. कापल्यावर हीट गन फिरवायची : फोम मऊ होऊन आकार घेतो, आणि वरची बारीक छिद्रं बंद झाल्याने रंग शोषला जात नाही. चिकटवायला रबर सोल्यूशन. दोन्ही कडांना लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, बोटाला ओलं लागेनासं झालं की मगच दाबायचं. एकदा चिकटलं की चिकटलं, सरकवायला संधी नाही. आमचा अंगठा त्यामुळे कायमचा थोडा वाकडा आहे. हे काम गच्चीवरच करा, त्या वासाने डोकं धरतं. आम्ही खोलीत सुरू केलं तेव्हा रेक्टर मॅडम वास घेत दारात आल्या होत्या. मग पांढऱ्या फेव्हिकॉलचे पाण्यात पातळ केलेले चार हात, त्यावर चंदेरी अ‍ॅक्रिलिक, आणि शेवटी काळा रंग लावून लगेच पुसून काढायचा. खाचांत काळं राहतं आणि फोम लोखंडासारखा दिसायला लागतो. कोपराला एकावर एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि आतून इलॅस्टिक. हात वाकायचा! पहिल्यांदा वाकला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सगळा मजला जागा झाला.

रात्रीच्या एसटीत कंडक्टर काकांनी मांडीवरची पिशवी बघून विचारलं, "नाटकाचं सामान का?" "हो काका, नाटकाचंच." काही प्रश्नांना छोटं उत्तर बरं.

आता दुसरा प्रश्न, जायचं कशाला. याच्या उत्तरासाठी अमेरिकेत जावं लागेल, कारण तिथल्या प्रादेशिक कॉन मुळात अ‍ॅनिमे बघण्यासाठीच जमायच्या. सत्तर-ऐंशीच्या दशकात तिथे जपानी मालिका सहजी मिळत नसत. जपानहून कोणाकडे तरी टेप यायची, तिची नक्कल, नकलेची नक्कल, आणि चित्र मुंग्या धावल्यासारखं. लॉस एंजेलिसला १९७७ मध्ये अशा टेपा एकत्र बसून बघण्यासाठी क्लब निघाला. पुढे कॉन भरू लागल्या तेव्हाही व्हिडिओ रूम हे मोठं आकर्षण असे, अंधाऱ्या खोलीत एक पडदा आणि खुर्च्या.

यातली मला सर्वांत आवडते ती ओटाकॉन. १९९४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात (गावाचं नावच तसं आहे) पेन स्टेट विद्यापीठाच्या पोरांनी एका हॉटेलात भरवली. आले साडेतीनशे जण, म्हणजे आपल्या गॅदरिंगच्या नाटकाला येतात त्याहून कमीच. १९९९ मध्ये ती बाल्टिमोरला गेली. २००४ मध्ये तिथल्या बंदिस्त स्टेडियममध्ये जपानच्या लार्क आँ सिएल या बँडने अमेरिकेतला आपला पहिला कार्यक्रम केला, प्रेक्षक बारा हजारांच्या घरात. २०१३ पर्यंत येणाऱ्यांची संख्या चौतीस हजारांवर गेली, २०१७ पासून ती वॉशिंग्टनमध्ये भरते आणि अलीकडे चाळीस हजारांच्या वर लोक येतात. आणि एवढा डोलारा चालवणारे लोक पगार घेत नाहीत. ना नफा संस्था आहे, सगळे स्वयंसेवक.

गंमत बघा. आधी डीव्हीडी आल्या, मग स्ट्रीमिंग आलं. टेपेसाठी जमायची गरज संपली, तरी गर्दी शंभरपटीहून जास्त वाढली. म्हणजे लोक टेपेसाठी येत होते हे अर्धंच खरं. ते व्हिडिओ रूमच्या बाहेरच्या व्हरांड्यासाठी येत होते.

हे मला हॉलमध्ये शिरल्यावर दहाव्या मिनिटाला कळलं. लांबून एक मुलगी ओरडली, "विन्री! पाना कुठंय?" ओळख ना पाळख. मी म्हटलं, "जप्त झाला!" पुढचा अर्धा तास आम्ही त्या मालिकेतल्या एका मृत्यूबद्दल बोलत उभ्या होतो. कोणाचा ते पाहिलेल्यांना सांगायला नको. मी तशी बोलकी नाही. लायब्ररीत शेजारी बसणाऱ्या मुलीचं नाव विचारायला मला एक सेमिस्टर लागलं. कॉस्च्यूमचा उपयोग हा आहे : तुमची आवड गळ्यात पाटी घातल्यासारखी दिसते आणि बोलायला निमित्त लागत नाही. हॉस्टेलच्या वायफायवर मी तीच मालिका एकटी, हेडफोन लावून, पांघरुणात बघितली होती.

आणि तिसरा प्रश्न. दुपारी तीनच्या सुमाराला दोन-तीन मुलं आली, एकाने फोन दुसऱ्याच्या हातात दिला आणि न विचारता रूममेटच्या कमरेभोवती हात टाकून उभा राहिला. ती एडवर्ड होती, पोलादी हाताची, आणि जागच्या जागी थिजली. मीही. शेजारी पुठ्ठ्याचं भलंमोठं चिलखत घातलेला कोणीतरी होता. आतून आवाज आला, "दादा, आधी विचारायचं असतं. हात काढ." हात निघाला. मुलं हसत गेली. चिलखतवाल्याने आम्हाला स्वयंसेवकांच्या टेबलापर्यंत सोडलं. त्याचा चेहरा आम्ही शेवटपर्यंत पाहिला नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०१४ च्या न्यूयॉर्क कॉमिककॉनमध्ये आयोजकांनी मोठाले फलक लावले, त्यांचा आशय असा की कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे. फोटोसुद्धा विचारून काढायचा, हात लावायचा तर वेगळं विचारायचं, पोशाख कसलाही असो. मला वाटतं, जिथे हे दारातच लिहिलेलं असतं आणि तक्रार कुठे करायची ते टेबल दिसतं, तिथेच जावं. तिकीट काढण्याआधी ते नियम वाचा. पान्याचा नियम चुकला तर पाना जातो, एवढंच.

पान्याच्या नियमालाही कारण आहे बरं का. मे २०१७ मध्ये अमेरिकेत फिनिक्सच्या कॉमिककॉनला एक माणूस खऱ्या, भरलेल्या बंदुका घेऊन शिरला. खोट्या शस्त्रांच्या गर्दीत खरी कोण ओळखणार? पोलिसांनी कोणाला इजा होण्याआधी पकडला, पण उरलेल्या दिवसांत खोट्या शस्त्रांवरही बंदी आली. हे वाचल्यावर माझा त्या सिक्युरिटीच्या ताईंवरचा राग गेला.

जपानच्या कॉमिकेटची एक पद्धत मला फार पटते. १९७५ च्या डिसेंबरात ते सुरू झालं तेव्हा बत्तीस गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत सात लाखांवर हजेरी लागली. तिथे विकणारा, विकत घेणारा, रांग लावणारा, सगळ्यांना एकच शब्द : सहभागी. गिऱ्हाईक कोणी नाही. कॉस्प्लेवाल्यांनी कपडे तिथेच बदलायचे, घरून घालून यायचं नाही आणि घालून जायचं नाही, म्हणजे बाहेरच्यांना त्रास नको. आपल्याकडे चित्र वेगळं आहे. २०११ च्या फेब्रुवारीत दिल्ली हाटला पहिली कॉमिककॉन इंडिया झाली, नंतर ती इतर शहरांत पोहोचली, २०२४ मध्ये नॉडविन गेमिंग या कंपनीने ती विकत घेतली. कंपनीने भरवल्यामुळे हॉल मोठा मिळतो, पाहुणे मोठे येतात, पण आपण बऱ्याचदा गिऱ्हाईकच राहतो. त्या चिलखतवाल्याला मात्र कोणी ड्यूटी दिली नव्हती.

बाकी किरकोळ. पाण्याची बाटली, सेफ्टी पिना, फेव्हिक्विक आणि जास्तीचे मोजे न्या. तिथलं खाणं महाग, पोळीभाजीचा डबा बॅगेत ठेवा आणि बाहेर येऊन खा. परदेशातल्या कॉनवाल्यांचा पाच-दोन-एक असा नियम आहे : रोज निदान पाच तास झोप, दोन जेवणं, एक अंघोळ. सबमिशनच्या आठवड्यात आपण यातलं एकही पाळत नाही, पण दोन हजार लोकांच्या हॉलमध्ये शेवटचं तरी पाळा.

रूममेटचा तो फोटो कसा कोण जाणे तिच्या घरच्या ग्रुपवर पोहोचला. कमरेवरच्या हातासकट. "शिकायला पाठवलंय की याला?" असा फोन आला. तिने कोण, काय, कसं, सगळं सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही. येत्या डिसेंबरात ती येणार की नाही, हे तिने अजून ठरवलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. हात कपाटावर आहे. कोपराचं इलॅस्टिक सैल पडलं होतं, ते मात्र तिने परवा न सांगता बदललं.

माझा नवा पाना फोमचा आहे, वजन एका वहीएवढं. ज्यांना यायचंय त्यांनी खोलीवर येऊन नाव सांगा. हीट गन एकच आहे, रांग लावावी लागेल.