सव्वा महिना बाळंतिणीचाही असतो

ऊसतोड सुरू झाली की नेवासा तालुक्यात भेंडा, सोनईच्या कारखान्यांभोवती मजुरांच्या कोप्या पडतात. बीडकडून आलेल्या टोळ्यांत दिवस गेलेल्या बायकाही असतात. त्यांच्याकडे बघून बांधावरचं कुणीतरी म्हणतंच, "काम केलं की बाळंतपण सोपं जातं." चालणं-फिरणं चांगलं, हे खरं. पण पहाटेपासून ऊस तोडून डोक्यावर मोळी वाहणं हा व्यायाम नव्हे. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून तपासणी राहते. खरी गोष्ट ही आहे.

बागायतदाराच्या घरी खाड्याची भीती नसते, तरी अंगात रक्त कमीच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, म्हणजे हिमोग्लोबिन 11 च्या खाली. लोहाच्या गोळ्या आशाताई घरपोच देतात, पण त्या फडताळात पडून राहतात. कारण काय, तर 'बाळ काळं होतं'. काळी होते ती शौच. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीकडून नाही. चौथ्या महिन्यापासून 180 दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस रोज एक गोळी घ्यायची. फक्त चहासोबत नको. चहामुळे लोह अंगी लागत नाही.

'पाय सुजायचेच, डोकं दुखायचंच' हा समज मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. पाचव्या महिन्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्यावर गेला, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर झटके येऊ शकतात. आणि झटके आले की काही घरांत गाडीआधी देवऋषी आठवतो. असे झटके बाळंत झाल्यावरही, अगदी सहा आठवड्यांपर्यंत, येऊ शकतात. म्हणून सव्वा महिन्याची विश्रांती उत्तम, पण त्या काळात बाळंतिणीचा रक्तदाबही मोजायला हवा. 'दूध उतरताना ताप यायचाच' म्हणून अंगावर काढलेला ताप जंतुसंसर्गाचाही असू शकतो, विशेषतः अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास असेल तर. बाळंतिणीचं पाणी तोडण्यालाही काहीच आधार नाही. पाजणाऱ्या बाईला उलट जास्त पाणी लागतं.

राहिलं मन. पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बहुतेकींना होतं आणि ते दोनेक आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही झोप, भूक, बाळाची ओढ परतली नाही, तर तो नखरा नाही आणि नजरही नाही. ते नैराश्य आहे. भारतातल्या 38 अभ्यासांचा 2017 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात हे प्रमाण सुमारे 22 टक्के निघालं. मुलगी झाली म्हणून टोमणे खाणाऱ्या सुनेला त्याचा धोका अधिक. क्वचित एखादी भ्रमात बोलू लागते, बाळाबद्दल भलतंच म्हणते. तेव्हा तिला एकटं सोडू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. 'औषध घेतलं तर दूध तोडावं लागेल' हेही सरसकट खरं नाही. पाजत असताना चालणारी औषधं असतात, डॉक्टरांना तसं सांगायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे आणि रात्रीही लागतो.

आशाताई दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरही 42 व्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते. त्या वेळी बाळाचं वजन झालं की सासूनं सुनेलाही पुढं बसवावं. कोपीवरच्या बाईचं कार्ड दुसऱ्या जिल्ह्याचं असलं तरी सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, रक्त, औषधं मोफतच आहेत, आणि न्यायला 102 ची गाडीही.