वाचणाऱ्याचा एकांत

दिवसभराची कामे उरकल्यावर दिव्याच्या उजेडात पुस्तक उघडून बसणे हे सुख फार स्वस्त आहे, आणि म्हणूनच की काय, त्याची गणना सुखांत क्वचितच होते. सणासमारंभांची छायाचित्रे निघतात, मेजवान्यांची वर्णने होतात. परंतु चार पाने वाचून मन थोडे रुंदावल्याचा आनंद कोणाला दाखविता येत नाही. तो ज्याचा त्यालाच कळतो. या आनंदास दोन गोष्टी लागतात : हाताशी ग्रंथ असावा आणि वाचताना कोणी खांद्यावरून डोकावत नाही अशी खात्री असावी. पहिली गोष्ट आपणांस पूर्वजांहून कितीतरी अधिक लाभली आहे. दुसरी मात्र हातची निसटत चालली आहे आणि तिच्याविषयी आपण पुरेसे सावध नाही, असे आम्हांस वाटते.

सामान्यांच्या हाताशी ग्रंथ आणून देण्याचे कार्य या देशात ज्या नगरीने मोठ्या हिमतीने केले, ती वडोदरा. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते शिक्षण सर्व संस्थानात लागू केले. पण शाळा सुटल्यावर शिकलेले अक्षर टिकावयाचे कसे? याचे उत्तर म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी वाचनालये निघाली आणि पेट्यांत भरलेली पुस्तके खेड्यांतून फिरू लागली. ज्याला गुरू परवडत नाही त्याला निदान ग्रंथ तरी मिळावा, हा त्यामागील विचार होता. आमच्या किनाऱ्यालाही ही परंपरा परकी नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, तर पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे आहे.

मात्र याच वडोदऱ्यात १९१७ साली जे घडले, ते वाचनाचा आणि खासगीपणाचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये. संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी तेथे आले, तेव्हा त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी धर्मशाळेच्या रखवालदाराने दिवसाला दीड रुपया घेऊन ठेवून घेण्याचे कबूल केले. अट एवढीच, की नोंदवहीत पारशी नाव लिहावे. त्या ओसाड जागेत, कंदिलाच्या मिणमिणत्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडाटात हा विद्वान पुस्तके वाचून आपले एकाकीपण विसरत असे. अकराव्या दिवशी सकाळी ग्रंथालयाची पुस्तके परत करण्यासाठी ते उचलीत होते, तोच काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि ‘तू कोण?’ म्हणून जाब विचारू लागली. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एक हिंदू मित्र आणि एक ख्रिस्ती मित्र अशा दोघांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. दोघांनीही असमर्थता दाखविली. काही तास कामाठी बागेत बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

एकाच शहरातील या दोन नोंदवह्या पाहा. ग्रंथालयाची वही नाव विचारीत होती, ते पुस्तक परत यावे म्हणून. धर्मशाळेची वही नाव विचारीत होती, ते दार कोणासाठी बंद ठेवावयाचे हे ठरावे म्हणून. ‘ज्याला लपविण्यासारखे काही नाही, त्याला भय कसले?’ असा प्रश्न आजकाल मोठ्या ऐटीत विचारला जातो. आंबेडकरांपाशी लाज वाटावी असे काय होते? लाज वाटावयास हवी होती ती समाजाला. परंतु नाव लपवावे लागले ते त्यांना. खासगीपणा ही श्रीमंतांची चैन नसून दुबळ्याच्या डोक्यावरचे छप्पर आहे, हे यावरून कळावे.

आज प्रत्येकाच्या खिशात फिरते ग्रंथालय आहे. मालवणच्या मच्छीमाराचा मुलगा त्यावर यंत्रविद्या शिकू शकतो, हे आम्ही भाग्यच समजतो. पण हे ग्रंथालय वाचता वाचता वाचकालाही वाचते. आपण काय शोधले, कोठे थांबलो, कोणत्या आजाराची चौकशी केली, त्या वेळी कोणत्या गावी होतो, याची नोंद होत राहते आणि ती जाहिरातदारांच्या कामी येते. जुन्या वहीची पाने पिवळी पडत आणि विसरली जात. ही नवी वही आपणहून काही विसरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. दिलेली संमती मागे घेण्याचा आणि आपली माहिती पुसून टाकण्यास सांगण्याचा अधिकार त्यात आहे. मात्र सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडेच राखली आहे. परकीय सत्ता कोण काय वाचतो यावर पाळत ठेवी, पुस्तके जप्त करी. त्या अनुभवातून गेलेल्या देशाने स्वकीय सत्तेलाही या बाबतीत मोकळे रान देऊ नये.

कायद्याची वाट पाहत स्वस्थ बसण्याचेही कारण नाही. विजेरीपुरते साधन घेताना ते आपल्या परिचितांची यादी मागू लागले, तर नकार द्यावा. आधारपत्राची प्रत मागणाऱ्यास ती कशासाठी हवी हे विचारावे आणि शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत चालत असेल, तर तीच द्यावी. आणि आपल्या गावच्या वाचनालयाची वर्गणी भरावी. तेथे छापील पुस्तक घेऊन बसलेल्या मुलाने कोणते पान दोनदा वाचले, हे जगात त्याच्यावाचून कोणालाही ठाऊक नसते. तेवढे अज्ञान समाजाने आनंदाने सोसावे.