पितळी भांडे आणि बाळाचे यकृत

दूध सकस असले, तरी ते कोणत्या भांड्यात तापविले जाते हे पाहणे अगत्याचे आहे. तान्ह्या मुलाचे पोट फुगावे, उजव्या बरगडीखाली यकृत कठीण लागावे व पुढे कावीळ, जलोदर होऊन ते दगावे, असा विकार पूर्वी आढळे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे व सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याचा संबंध बिनकल्हईच्या पितळी भांड्यांतून वरच्या दुधात उतरणाऱ्या तांब्याशी जोडला. पेनिसिलामाइन हे औषध शरीरातील तांबे बाहेर काढते. मात्र ते आरंभीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. म्हणून पोट वाढलेले मूल दिसताच ग्रामसेवकांनी त्यास रुग्णालयात पाठवावे. पहिले सहा महिने बाळास केवळ आईचे दूध द्यावे. वरचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवावे.