वृद्धनिवासाचा खर्च : महिन्याच्या आकड्यापलीकडे

व्यापारी घरात माल खरेदी करताना केवळ भाव विचारून व्यवहार ठरत नाही. हमाली, वाहतूक, तूट आणि अडकलेल्या रकमेचे व्याज जमेस धरल्यावरच माल खऱ्या अर्थाने कितीला पडला, हे कळते. आई-वडिलांसाठी वृद्धनिवासाचा विचार करण्याची वेळ आली की मात्र हीच चोख माणसे महिन्याचा एक आकडा ऐकून होकार किंवा नकार देतात. पुढे वर्ष-दोन वर्षांत हिशेब कोलमडतो आणि त्याची झळ त्या वृद्ध जीवाला बसते.

ठेवीचे व्याजही खर्चच

समजा, ७८ वर्षांच्या आईसाठी एका निवासाने दरमहा ३०,००० रुपये शुल्क आणि ६ लाख रुपये परतीची, बिनव्याजी ठेव सांगितली. ठेव परत मिळणार म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. परंतु तीच रक्कम ७ टक्क्यांनी गुंतवली असती, तर वर्षाला ४२,००० म्हणजे महिन्याला ३,५०० रुपये आले असते. आंघोळीला, चालण्याला मदतनीस लागल्यास समजा ९,०००. औषधे, तपासण्या व व्यायामोपचार यांचे ५,०००. एकूण झाले ४७,५०० रुपये. शुल्क दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढले, तर आजचे ३०,००० नऊ वर्षांत सुमारे ६०,००० होतात.

करही पाहावा लागतो. आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात ६० वर्षांवरील व्यक्तीच्या निवास-भोजनाचे शुल्क दरमहा २५,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यास जीएसटीतून सूट आहे. शुल्क त्याहून अधिक असल्यास, किंवा निवास खासगी असल्यास, सांगितलेला आकडा करासह आहे की कराविना, हे आधीच विचारावे.

घरचा खर्च कीर्दीत येत नाही

घरी सांभाळणे स्वस्त वाटते, कारण त्यातील बराच खर्च कोणी लिहून ठेवत नाही. दिवस-रात्रीच्या दोन मदतनीस, त्यांचे जेवण, रजेच्या दिवशीची बदली यांचा आकडा काढता येतो. पण सुनेने दुकानातून हात काढून घेतला, तिची झोप मोडली, तिची पाठ धरली, हे कोणत्या खात्यात मांडायचे? घर आणि निवास यांची तुलना करताना तिच्या श्रमाला किंमत दिली नाही, तर ती तुलनाच खोटी ठरते.

पैसा कोठून येणार?

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला कमाल ३० लाख रुपये ठेवता येतात. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये व्याज येते. पूर्ण मर्यादेपर्यंत गुंतवूनही वरील खर्चाचा निम्मा भाग त्यातून भागत नाही. २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. निवासाचे मासिक शुल्क त्यात बसत नाही. म्हणून उरलेली रक्कम कोणता भाऊ किती देणार, बहिणींचा वाटा असणार का, हे आधीच लिहून ठेवावे. पुढचे अनेक रुसवेफुगवे त्याने टळतात.

घर किंवा दुकान मुलांच्या नावावर करताना वडीलधाऱ्यांनीही सावध असावे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मागता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी.

करारात काय पाहावे?

शुल्कवाढ कशी ठरते? रुग्णालयात असतानाच्या दिवसांचे शुल्क लागते का? अंथरुणाला खिळल्यावर संस्था ठेवून घेते की परत पाठवते? ठेवीतून काय कापले जाते, आणि ती कोणाला, किती दिवसांत परत मिळते? या प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत.

जैन घरांसाठी आणखी काही प्रश्न आहेत. कंदमुळाविना स्वतंत्र स्वयंपाक होतो का? चौविहार पाळणाऱ्यास सूर्यास्तापूर्वी जेवण आणि उकळलेले पाणी मिळते का? पर्युषणात स्थानकात किंवा मंदिरात नेण्याची सोय आहे का, आणि तिचे वेगळे पैसे पडतात का? सत्तर वर्षे जपलेला नियम स्वयंपाकघराच्या सोयीसाठी मोडावा लागला, तर त्या माणसाला तेथील प्रत्येक घास जड जातो.

हा सारा हिशेब आईच्या माघारी मांडू नये. कागद तिच्यासमोर ठेवावा, जमल्यास आठवडाभर तेथे राहून पाहण्याची सवलत मागावी आणि तिचे मत विचारावे. ती कदाचित जायला तयार असेल. कदाचित म्हणेल, दुपारी एक बाई ठेवा आणि संध्याकाळी कोणीतरी शेजारी बसा, एवढे पुरे. तिला खरोखर काय हवे आहे हे कळल्यावरच कोणता खर्च आवश्यक आणि कोणता निरर्थक, हे ठरवता येते.